'चाललंय की'च्या पुढे: नोकरीतलं समाधान आणि कामाकडूनच्या अपेक्षा प्रश्नावलीने कशा मोजायच्या

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत किंवा निपाणीतल्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत कुणालाही विचारा, "काम कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं: "चाललंय की." यात पगाराची कुरकुर असू शकते, सुपरवायझरवरचा राग असू शकतो आणि खरोखरचं समाधानही असू शकतं. हाच प्रश्न कागदावर छापून खाली पाच चौकोन दिले, तर 'चाललंय की' बहुतेक वेळा चौथ्या चौकोनात जाऊन बसतं. सरासरी छान येते, मालक म्हणतो माणसं खूश आहेत, आणि पुढच्या महिन्यात दोन चांगले मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कारागीर, सीमेपलीकडे शिनोळीला दुसऱ्याकडे कामाला लागतात.

प्रश्नावली हे साधन वाईट नाही, आपण ती अर्धीच वापरतो. माणसाला कामातून काय हवंय ही एक बाब आणि त्याला काय मिळतंय ही दुसरी. पहिलीला अभ्यासक कार्यमूल्ये म्हणतात, दुसरीवरून समाधान ठरतं. एडविन लॉक यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार आजही कामाला येतो: समाधान म्हणजे जे हवं आहे आणि जे मिळतं आहे, त्यांच्या तुलनेतून येणारी भावना. मिनेसोटा विद्यापीठात रेने डाविस आणि लॉइड लॉफक्विस्ट यांनी तर दोन्हींसाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या, एक गरजा मोजणारी आणि एक समाधान मोजणारी. आपल्याकडचे बहुतेक एमबीए आणि एमएसडब्ल्यूचे प्रकल्प फक्त दुसरी उचलतात. म्हणून निष्कर्षात 'कर्मचारी बऱ्यापैकी समाधानी आहेत' यापलीकडे हाताला काही लागत नाही.

पुढचं सगळं प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तेवढंच ते वर्कशॉपचे मालक, क्रेडिट सोसायटीचे मॅनेजर आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांसाठीही आहे.

आधी ठरवा, उत्तर कळल्यावर काय बदलता येईल

मोजणी सुरू करण्याआधी मालकाबरोबर किंवा संचालकांबरोबर अर्धा तास बसा आणि एका कागदावर लिहून घ्या की कोणत्या बाबी त्यांच्या हातात आहेत. शिफ्टची वेळ, रजेची पद्धत, ओव्हरटाईमची वाटणी, नवीन मशीनवर कुणाला शिकवायचं, सुपरवायझरची वागणूक या गोष्टी बहुधा हातात असतात. पगाराचा दर कधी असतो, कधी बाजार ठरवतो. जिथे काहीच बदलणार नाही तिथे दहा प्रश्न विचारून माणसांच्या आशा वाढवू नका.

'समाधान वाढलं की उत्पादन वाढतं' हे आमिष दाखवून परवानगी मिळवू नका. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तीनशेहून अधिक नमुन्यांतले निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध साधारण ०.३० निघाला. नातं आहे, पण बेताचं. माणसं का सोडून जातात, गैरहजेरी कुठल्या खात्यात वाढते, नवीन पोरं का टिकत नाहीत, हे समजून घेण्यासाठी मोजतोय असं सांगा. ते खरंही आहे आणि मालकाला पटतंही.

तयार साधनं कोणती, आणि कुणासाठी कोणतं

नवी प्रश्नावली शून्यातून लिहायचा मोह सगळ्यांना होतो. आधी तयार असलेल्या बघा.

पॉल स्पेक्टर यांचा १९८५ चा 'जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे' विद्यार्थ्यांना सगळ्यात सोयीचा. ३६ विधानं, ९ पैलू, प्रत्येक पैलूला ४ विधानं, ६ पायऱ्यांची मोजपट्टी. पगार, बढती, वरिष्ठ, इतर सवलती, चांगल्या कामाची दखल, कामाचे नियम आणि पद्धती, सहकारी, कामाचं स्वरूप, माहितीची देवाणघेवाण असे ते पैलू. शैक्षणिक संशोधनाला तो विनाशुल्क वापरता येतो, बदल्यात तुमचे निकाल लेखकाला कळवायचे असतात. अहवालात नुसतं 'मानक प्रश्नावली' असं लिहून भागवू नका, नाव आणि वर्ष द्या.

मिनेसोटाची 'सॅटिस्फॅक्शन क्वेश्चनेअर' १९६७ ची. मोठी १०० विधानांची आणि छोटी २० विधानांची. छोटीत कामाच्या आतल्या बाबी, म्हणजे कसब वापरायला मिळणं किंवा काही केल्याचं समाधान, आणि बाहेरच्या बाबी, म्हणजे पगार आणि वरिष्ठ, वेगळ्या काढता येतात. वेळ कमी असेल तर हीच घ्या.

१९६९ च्या 'जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स'मध्ये वाक्यंच नाहीत. ७२ छोटे शब्द किंवा शब्दगट आणि त्यापुढे 'होय', 'नाही' किंवा प्रश्नचिन्ह. होकारार्थी शब्दाला 'होय' म्हटलं की ३, 'नाही' म्हटलं की ० आणि प्रश्नचिन्हाला १ गुण. कमी शिकलेल्या कामगारांसाठी ही पद्धत मला सगळ्यात माणुसकीची वाटते, कारण लांब वाक्य वाचून 'अंशतः सहमत' आणि 'काहीसे सहमत' यांतला फरक शोधत बसावं लागत नाही.

माझं मत सांगतो. सोसायटी, बँक, शाळा, हॉस्पिटलचा ऑफिस स्टाफ असेल तर स्पेक्टरची घ्या. फाउंड्री, यंत्रमाग, साखर कारखान्याचे हंगामी कामगार असतील तर १५-१८ ठोस विधानांची स्वतःची छोटी प्रश्नावली करा, पैलू मात्र तयार साधनातूनच घ्या.

काय हवंय, हे क्रमाने लावायला सांगा

इथे बहुतेक जण घसरतात. 'पगार तुमच्यासाठी किती महत्त्वाचा?', 'सहकारी किती महत्त्वाचे?' असं एकेक विचारलं की सगळ्याला 'फार महत्त्वाचं' येतं. कोण म्हणेल की चांगले सहकारी नकोत? म्हणून माणसाला निवड करायला लावावी लागते.

सोपी पद्धत चिठ्ठ्यांची. पोस्टकार्डाएवढ्या सात जाड चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच वाक्य:

काम कायमचं असावं, मध्येच बंद होऊ नये.
हातात पैसे जास्त यावेत.
नवीन काम, नवीन मशीन शिकायला मिळावं.
माझ्या कामात कुणी सारखी ढवळाढवळ करू नये.
चांगलं काम केलं तर चारचौघांत नाव निघावं.
सोबतची माणसं चांगली असावीत.
घर आणि शेत सांभाळून काम करता यावं.

शेवटची चिठ्ठी अमेरिकेतल्या याद्यांमध्ये अशी सापडत नाही, पण आपल्याकडे ती नसेल तर मोजणी लंगडी पडते. खानापूर तालुक्यातून आणि चंदगड भागातून रोज कारखान्यात येणाऱ्या माणसाच्या घरी दोन-चार गुंठे का होईना भात असतं. रोपलावणीला आणि सुगीला सुट्टी मिळते की नाही, यावर त्याची नोकरी आवडती की नावडती हे बरंचसं ठरतं. शिक्षकांसाठी ही चिठ्ठी काढून 'माझ्या कामाचा दुसऱ्याला उपयोग व्हावा' अशी घाला.

सात चिठ्ठ्या एकदम क्रमाने लावणं जड जातं. आधी सांगा, "यातल्या दोन अशा काढा ज्यांच्याशिवाय चालणारच नाही." त्या वर ठेवा आणि त्या दोघींत पहिली कोणती ते विचारा. मग नसल्या तरी चालतील अशा दोन खाली. उरलेल्या तिघी मधे आपोआप लागतात. चिठ्ठ्या मागे-पुढे करताना माणूस जे पुटपुटतो तेही वहीत लिहा. "पैसा पाहिजेच, पण रोज शिव्या खाऊन नको" असं वाक्य आकड्यांत कुठेच येत नाही आणि अहवालात सगळ्यात जास्त तेच वाचलं जातं.

क्रमवारीची एक मर्यादा लक्षात ठेवा. या माणसासाठी आधी काय आणि नंतर काय, एवढंच तिच्यातून कळतं. शिवाजीनगरच्या क्लार्कला मच्छेच्या टर्नरपेक्षा पैसा 'जास्त' हवा आहे, असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

वाक्यं लिहिताना

एका वाक्यात एकच गोष्ट. 'माझा पगार आणि सवलती समाधानकारक आहेत' याला पगार पटला पण कँटीन नाही पटलं, तर माणसाने खूण कुठे करायची?

'वरिष्ठ', 'व्यवस्थापन', 'संस्था' हे शब्द शॉप फ्लोअरवर हवेत राहतात. छोट्या वर्कशॉपात मालक, मालकाचा मुलगा, सुपरवायझर आणि ठेकेदार असे चौघे 'वरिष्ठ' असतात. 'रोज तुम्हाला काम नेमून देणारा माणूस' असं लिहा. पगाराचंही तसंच. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर साडीमागे मजुरी मिळते, निपाणीच्या घरबसल्या बिडी वळणाऱ्या बायकांना हजार बिड्यांमागे. त्यांना 'मासिक वेतन' विचारलं तर त्या ओशाळून हसतात आणि मधल्या चौकोनात खूण करतात. बिडीकाम करणाऱ्यांसाठी 'माझ्या बिड्यांची तपासणी प्रामाणिकपणे होते' हे एक वाक्य 'वरिष्ठ न्याय्य आहेत' अशा पाच वाक्यांपेक्षा जास्त सांगतं, कारण कुठल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या हे ठरवणाराच त्यांच्या लेखी साहेब असतो.

नकारार्थी वाक्यं जपून घाला. स्पेक्टरच्या प्रश्नावलीत निम्म्याहून अधिक विधानं उलट्या अर्थाची आहेत. सगळ्यावर डोळे झाकून 'सहमत' करणारा त्यामुळे सापडतो. पण मराठीत 'मला कधीच विचारलं जात नाही' याला 'असहमत' म्हणणं म्हणजे दोन नकार सोडवणं, आणि दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडून ती कसरत करून घेऊ नये. उलटं विधान हवंच असेल तर ते 'नाही' न वापरता लिहा: 'इथे काम जास्त करणाऱ्यावरच आणखी काम पडतं.'

मोजपट्टी पाच पायऱ्यांची पुरे. वाचायची सवय नसलेल्यांसाठी चेहऱ्यांची पट्टी वापरा, अगदी दुर्मुखलेल्यापासून हसऱ्यापर्यंत. थिओडोर क्युनिन यांनी ती १९५५ मध्ये मांडली होती आणि ती आजही चालते. फक्त चेहरे पुरुषाचे की बाईचे हा प्रश्न येऊ नये म्हणून साधा गोल काढा.

मराठी, कन्नड आणि एक न विचारायचा प्रश्न

आपल्या भागात एकाच खात्यात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे शेजारी-शेजारी उभे असतात आणि आपसात तिन्हींची मिसळ चालते. घरी मराठी बोलणाऱ्या पण कन्नड शाळेत शिकलेल्या पोराला देवनागरीपेक्षा कन्नड लिपी सोपी जाते. म्हणून एकाच कागदावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड छापा, ज्याला जी हवी ती बाजू भरू दे. दोन वेगळे गठ्ठे केलेत की वाटणाऱ्याला 'हा कुठल्या बाजूचा' हे ठरवावं लागतं, आणि सीमाभागात ते कुणालाच नको असतं.

त्याच कारणाने वैयक्तिक माहितीत मातृभाषा विचारू नका. तुमच्या विषयाला तिची गरज नाही, आणि तो रकाना दिसला की माणसाला वाटतं ही कुठलीतरी वेगळीच मोजणी आहे. पुढची सगळी उत्तरं सांभाळून येतात.

भाषांतर तपासायची रीत जुनीच आहे, रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ती नीट मांडली. एकाने मूळ इंग्रजीचं मराठी करायचं, ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्याने त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. कन्नडसाठीही तेच. वर एक पायरी मी नेहमी घालतो: मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या माणसाला दोन्ही बाजू वाचायला द्या आणि विचारा, कुठली बाजू जास्त कडक वाटते? एका भाषेतलं वाक्य सौम्य आणि दुसरीतलं टोकाचं झालं, तर भाषेचा फरक समाधानाचा फरक म्हणून मोजला जातो.

मग सहा-सात जणांवर चाचणी घ्या. त्यांना भरायला सांगू नका. वाक्य मोठ्याने वाचून ते मनात काय समजले ते बोलायला सांगा. जिथे माणूस थांबतो, परत वाचतो किंवा तुमच्या तोंडाकडे बघतो, ते वाक्य बदला.

भरून घेताना

वेळ निवडताना कॅलेंडर बघा. पगाराचा आठवडा, दिवाळीच्या बोनसचे दिवस, गणपतीचे अकरा दिवस आणि सुगी टाळा. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाल्याझाल्या गेलात तर हंगामी माणूस काम मिळाल्याच्या आनंदात असतो, हंगाम संपताना पुढच्या काळजीत. मधला काळ घ्या.

फॉर्म मालकाच्या केबिनमध्ये, सुपरवायझरच्या हातून किंवा हजेरीच्या टेबलावर भरून घेऊ नका. जेवणाच्या सुट्टीनंतर कँटीनमध्ये, बाहेरच्या माणसाने वाटावेत आणि पत्र्याच्या बंद पेटीत टाकायला सांगावेत. वाचता न येणाऱ्यांसाठी वाचून दाखवणारा माणूसही बाहेरचाच हवा. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल पत्ता गोळा करण्याची सेटिंग बंद आहे ना, ते स्वतः तपासा.

नाव न विचारणं म्हणजे गुप्तता नव्हे. वय, खातं, नोकरीची वर्षं आणि तालुका असे चार रकाने ठेवलेत, तर फाउंड्रीच्या कोअर शॉपमधली चाळिशीपुढची, चंदगडहून येणारी बाई एकच असते आणि तिला ते माहीत असतं. चारपैकी दोनच ठेवा, वय आणि नोकरी ढोबळ गटांत विचारा. पाचपेक्षा कमी माणसांचा गट अहवालात वेगळा दाखवायचा नाही, हे मालकाला आधीच लेखी सांगून टाका. नंतर तो "फेटलिंगवाल्यांचं (ओतीव माल घासून साफ करणाऱ्यांचं) काय निघालं?" असं विचारणारच.

आकडे मांडणं

एक्सेलमध्ये एका ओळीत एक माणूस, एका स्तंभात एक प्रश्न. कोऱ्या जागी शून्य भरू नका, कोरीच ठेवा. उलट्या विधानांचे गुण फिरवा: पाच पायऱ्यांच्या पट्टीत ६ मधून उत्तर वजा, सहा पायऱ्यांच्या पट्टीत ७ मधून. मूळ स्तंभ पुसू नका, शेजारी नवीन स्तंभ करा.

स्पेक्टरच्या प्रश्नावलीत मग प्रत्येक पैलूची बेरीज ४ ते २४ मध्ये येते आणि एकूण ३६ ते २१६ मध्ये. एखाद-दुसरं उत्तर राहिलं असेल तर त्या माणसाच्या त्याच पैलूतल्या बाकी उत्तरांची सरासरी घाला. अर्धा फॉर्म कोरा असेल तर तो बाजूला ठेवा.

त्यानंतर विश्वसनीयता, म्हणजे एका पैलूतली विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात की नाही. ली क्रॉनबॅक यांचा १९५१ चा अल्फा एक्सेलमध्येही निघतो. पैलूतल्या प्रत्येक विधानाचा प्रसरण (व्हेरियन्स, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरली आहेत) काढा, त्यांची बेरीज करा. मग प्रत्येक माणसाच्या बेरजेच्या स्तंभाचा प्रसरण काढा. समजा चार विधानांच्या प्रसरणांची बेरीज ४.८ आणि एकूण गुणांचा प्रसरण १०.८ आला. ४.८ भागिले १०.८ म्हणजे ०.४४, ते १ मधून वजा केलं की ०.५६, त्याला ४/३ ने गुणलं की साधारण ०.७४. ०.७० च्या वर असेल तर ती विधानं एकत्र मोजायला हरकत नाही. अल्फा उणे आला तर घाबरू नका, बहुधा उलटं विधान फिरवायचं राहिलंय. आणि २५-३० माणसांवर काढलेला अल्फा बराच इकडेतिकडे हलतो, त्याच्या दुसऱ्या दशांशावर चर्चा करू नका.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा

महत्त्वाला दिलेले गुण गुणिले समाधानाला दिलेले गुण असा भारित आकडा काढायची फार हौस असते. काढू नका. लॉक यांचाच मुद्दा आहे की ज्या बाबीची माणसाला किंमत असते, तिथे त्याची नाराजी किंवा खुशी मुळातच तीव्र उमटते. म्हणजे महत्त्व समाधानाच्या उत्तरात आधीच मिसळलेलं असतं, परत गुणून हाती फारसं काही लागत नाही. त्याऐवजी चिठ्ठ्यांचा क्रम आणि पैलूंचे गुण एकाच कागदावर दोन स्तंभांत ठेवा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चाळीस माणसांच्या वर्कशॉपात पाचपैकी सरासरी अशी आली: सोबती ४.३, सुपरवायझर ३.९, रजा ३.०, पगार २.९, शिकण्याची संधी २.८. नुसतं हे बघितलं तर शिकण्याची संधी सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यांना ट्रेनिंग द्या. चिठ्ठ्या काय म्हणतात? चाळिशीपुढच्यांनी शिकण्याची चिठ्ठी शेवटच्या दोनात टाकली आहे, तिशीच्या आतल्यांनी पहिल्या दोनात. आणि 'घर आणि शेत' ही चिठ्ठी सगळ्या वयांत वर आहे. आता चित्र बदललं. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शिकवायचं ते पोरांना, आणि सगळ्यांसाठी सुगीच्या रजेचं वेळापत्रक महिनाभर आधी लावायचं. पहिल्याला थोडा खर्च आहे, दुसऱ्याला एक वही.

सरासरीबरोबर वाटणीही बघा. रजेचा ३.० निम्म्यांच्या ५ आणि निम्म्यांच्या १ मधूनही येतो. तसं असेल तर रजेचा नियम ठीक आहे, तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ही तक्रार वेगळीच आहे आणि तिचं औषधही वेगळं.

निकाल माणसांना परत सांगा, तेही महिन्याच्या आत. एका पानावर, दोन्ही भाषांत, कँटीनच्या भिंतीवर: काय निघालं, काय करणार, आणि काय आत्ता जमणार नाही. तिसरा भाग गाळायची मालकांना घाई असते. पण पगारवाढ यंदा नाही हे सरळ लिहिलेलं बरं, माणसांना ते तसंही कळलेलं असतं.

पुन्हा मोजायचं ते वर्षाने, त्याच महिन्यात आणि त्याच शब्दांत. वाक्य सुधारायचा मोह झाला तर नवीन वाक्य वेगळं जोडा, जुनं तसंच राहू द्या, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. पहिल्या फेरीच्या फॉर्मची एक कोरी प्रत, चिठ्ठ्यांचा एक संच आणि कुठली विधानं उलटी होती त्याची यादी फाइलला लावून ठेवा. फॉर्म करणारा विद्यार्थी तोपर्यंत पुण्याला नोकरीला लागलेला असतो.